दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?

एखादे काम बिघडले की आपल्या मनात पहिला प्रश्न उठतो, 'चूक कोणाची?' परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले, हातातोंडाशी आलेले पीक गारपिटीने गेले, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे आजारपण वेळेत लक्षात आले नाही. उत्तर शोधताना आपले मन बहुतेक वेळा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन बसते. काही जण म्हणतात, "परिस्थितीच तशी होती, मी काय करणार?" आणि काही जण वर्षानुवर्षे स्वतःला टोचत राहतात, "सगळे माझ्यामुळेच झाले." पहिला माणूस स्वतःला सहज सोडवून घेतो. दुसरा स्वतःला कधीच सोडत नाही. तुमचे मन यांपैकी कोणत्या बाजूला झुकते?

या प्रश्नाकडे आज आपण एका खेळाच्या मदतीने पाहू या. हा खेळ अमेरिकेत रुजला. आपल्याकडे तो फारसा परिचित नाही, पण समजायला अगदी सोपा आहे. शिवाय उघड्या, चढउताराच्या मैदानावर तो खेळला जातो तेव्हा आपला हा प्रश्न तिथे प्रत्येक फेकीला डोळ्यांसमोर उभा राहतो.

खेळ कसा आहे?

लहानपणी तुम्ही फ्रिसबी फेकली असेल. तशीच, पण आकाराने लहान, जड आणि कडेला धारदार अशी प्लॅस्टिकची चकती घ्यायची. तिचा व्यास साधारण 21 सेंटिमीटर आणि वजन 175 ग्रॅमच्या आसपास असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची आणि दूर उभ्या असलेल्या, वर साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत पोहोचवायची. पहिली फेक जिथे पडेल तिथून दुसरी, दुसरी जिथे थांबेल तिथून तिसरी. कमीत कमी फेकींमध्ये जो सगळ्या टोपल्या पूर्ण करील तो जिंकला. गोल्फसारखाच हा खेळ, फक्त काठी आणि चेंडूऐवजी डिस्क. म्हणून त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फप्रमाणेच यातल्या प्रत्येक टप्प्याला होल म्हणतात.

या खेळासाठी खास आखलेले पहिले मैदान 1975 साली कॅलिफोर्नियात पासाडेना शहराजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी तयार केले. सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. पुढे हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली बनवली आणि 1977 साली तिचे पेटंट मिळवले. साखळ्या डिस्कचा वेग शोषून घेतात आणि ती खाली टोपलीत पडते. तो खणखणाट या खेळाडूंना देवळातल्या घंटेसारखा वाटत असेल, तर नवल नाही.

झाडे नसलेले मैदान

डिस्क गोल्फची बरीच मैदाने झाडीत असतात. तिथे अडथळा दिसतो. झाड समोर उभे असते, डिस्क त्याला आपटते आणि काय झाले ते सगळ्यांना कळते. काही मैदाने मात्र अगदी उघडी असतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे सुमारे 24 हजार वस्तीचे छोटे शहर आहे. डिस्क गोल्फच्या जगात त्याचे नाव फार मोठे आहे आणि 2016 आणि 2022 या दोन्ही वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली. हे शहर फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांच्या प्रदेशात वसले आहे. इथली माती उथळ आणि गारगोटीने भरलेली. नांगर चालेना, म्हणून हा माळ शेतीखाली गेला नाही आणि उंच गवताचा तो विस्तीर्ण प्रदेश आजही टिकून आहे. टेकड्या उंच नाहीत, जमीन संथपणे वर चढते आणि तशीच उतरते.

अशा मोकळ्या मैदानावर टोपली दुरूनच दिसते. मध्ये काहीच नाही. नवख्या माणसाला वाटते, यात काय अवघड आहे? आणि मग वारा सुटतो.

वारा काय करतो?

वारा डिस्क आडवीतिडवी उडवून लावतो, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो अधिक नियमाने वागतो. उजव्या हाताने, हात शरीरासमोरून आडवा नेऊन डिस्क फेकली की ती वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना ती किंचित उजवीकडे कलते आणि वेग ओसरला की डावीकडे वळून खाली येते. आता समोरून वारा असेल तर डिस्कवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो. म्हणून ती अधिक उजवीकडे कलंडते. तिची पुढची कड जरा वर राहिली असेल तर वारा तिला उचलून मागे फेकतो. पाठीमागून वारा असेल तर उलट घडते, डिस्क लवकर डावीकडे वळते आणि लवकर खाली पडते.

यात लक्ष देण्यासारखी एक गोष्ट आहे. हातातून डिस्क सुटताना ती थोडी डगमगली, कड थोडी वर राहिली, तर वारा नसताना ती चूक खपून जाते. डिस्क दोन-चार पावले इकडेतिकडे पडते, इतकेच. समोरच्या वाऱ्यात तीच छोटी चूक कितीतरी पटींनी मोठी होऊन दिसते. इथे वाऱ्याने नवी चूक निर्माण केली नाही. जी आधीपासून होती, तिला मोठे केले.

आपल्या आयुष्यातही असेच घडत नाही का? घरात सगळे सुरळीत असताना बोलण्यातला किंचित तुसडेपणा कोणाच्या लक्षात येत नाही. नोकरी गेली, पैशांची ओढाताण सुरू झाली की तोच तुसडेपणा भांडण होऊन बाहेर पडतो. मग आपण म्हणतो, "परिस्थितीने मला असे केले." परिस्थितीचा वाटा आहेच. पण थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते, की वाऱ्याने आपल्याच हातून सुटलेला कल मोठा केला आहे. तेव्हा सगळा दोष वाऱ्यावर टाकणारा माणूस एक संधी गमावतो. आपला हात कुठे डगमगला हे त्याला वाऱ्यानेच दाखवून दिले होते, ते त्याने पाहिले नाही.

जाणता खेळाडू वाऱ्याशी भांडत नाही. समोरून वारा असेल तर तो उजवीकडे सहज न कलंडणारी डिस्क निवडतो, कड जरा खाली धरतो, फेक जमिनीलगत ठेवतो. टोपली उताराच्या काठावर असेल आणि अंतर मोठे असेल, तर थेट टोपलीचा हट्ट सोडून डिस्क जवळ ठेवतो आणि पुढच्या फेकीत काम पूर्ण करतो. म्हणजे वारा आपला नसला, तरी वारा आहे हे माहीत असून आपण काय निवडले, ते आपलेच असते.

आणि तरीही उतारावरून घरंगळते

इथपर्यंतचे पटायला सोपे आहे. अवघड भाग पुढे आहे.

समजा, खेळाडूने सगळे नीट केले. वारा पाहिला, डिस्क योग्य निवडली, हात स्थिर ठेवला. डिस्क टोपलीपर्यंत नेमकी गेली. पण साखळीला लागून बाहेर उसळली, जमिनीवर कडेवर उभी पडली आणि चाकासारखी उतारावरून घरंगळत निघाली. दहा पावले, वीस पावले, चाळीस पावले. काही वेळा ती दोरीने आखलेल्या हद्दीबाहेर जाते आणि वर एका फेकीचा दंड बसतो. त्याच जागेवरून, तशाच हाताने फेकलेली दुसऱ्याची डिस्क साखळीत अडकून आत पडते. दोघांच्या कौशल्यात तिळभर फरक नसतो. गुणपत्रिकेत मात्र दोन-तीन फेकींचा फरक पडलेला असतो.

हे न्यायाचे आहे का? नाही. यात न्याय आहे असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होईल. 'जे होते ते योग्यच होते' असे सांगून आपण दुःखी माणसाला गप्प करू शकतो, पण त्याचे समाधान करू शकत नाही.

भगवद्गीतेच्या 18व्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह असा करतात. आपण या खेळापुरते बोलायचे तर उभे राहायला जमीन आहे, फेकणारा आहे, हात आणि डिस्क ही साधने आहेत, फेकीची हालचाल आहे, आणि शिवाय असे काहीतरी आहे जे यांपैकी कोणाच्याच ताब्यात नाही. या विचाराचे वैशिष्ट्य असे, की त्यात दैव नाकारलेले नाही आणि कर्त्यालाही वगळलेले नाही. कर्ता पाचांतला एक आहे. 'सगळे माझ्यामुळेच' म्हणणारा उरलेली चार कारणे विसरतो. 'माझे काहीच नाही' म्हणणारा पाचांतले एक लपवतो. दोघांचाही हिशेब चुकलेला असतो.

दोष नाही, तरी जबाबदारी आहे

आता खेळाचा एक साधा नियम पाहा. डिस्क मैदानात जिथे थांबली, तिथूनच पुढची फेक. ती तिथे तुमच्या चुकीने गेली, वाऱ्याने गेली की नशिबाने घरंगळली, हे नियम विचारत नाही. तुम्ही उतारावरून खाली चालत जाता, डिस्कच्या जागी खूण ठेवता आणि खालून वर पुन्हा फेकता. तुमच्याऐवजी ती फेक दुसरे कोणी करणार नाही. वारासुद्धा खाली येऊन ती करणार नाही.

या नियमात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि आपला गोंधळ तिथे सुरू होतो. दोष मागे पाहतो. हे कोणामुळे झाले, हा त्याचा प्रश्न. जबाबदारी पुढे पाहते. आता जे आहे ते कोण हाती घेणार, हा तिचा प्रश्न. डिस्क घरंगळली यात दोष नसेलही. पण पुढची फेक माझी आहे. दोष नाही म्हणून जबाबदारी संपत नाही, आणि जबाबदारी घेतली म्हणून दोष कबूल केला असे होत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही या प्रश्नाची मोठी चर्चा झाली आहे. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन विचारवंतांनी नैतिक दैव या विषयावर निबंध मांडले. विल्यम्स यांनी एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले. तो नीट गाडी चालवत होता. त्याचा काहीही दोष नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली आले. लोक त्याला सांगतात, तुझी चूक नव्हती, आणि ते खरेच आहे. पण तो चालक लगेच "हो, माझी चूक नव्हती" असे म्हणून शांतपणे जेवायला बसला तर? आपल्याला त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाही हळहळ वाटते, पण चालकाचे दुःख वेगळे असते. ते त्याच्या हातून घडले आहे. त्या मुलाच्या आईवडिलांना जाऊन भेटावे, त्यांच्यासाठी काही करावे, असे त्याला वाटणे हा आजार नव्हे. ते माणूसपणाचे लक्षण आहे.

अशा माणसाला "विसरून जा" म्हणणे पुरेसे नसते. "तूच दोषी आहेस" म्हणणे तर क्रूरपणाचे असते. त्याला तिसरा रस्ता हवा असतो: दोष नसताना दुःख मान्य करणे, आणि जे आता करता येईल ते करणे.

हरल्यानंतरचे वर्ष

डिस्क गोल्फच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 2021 सालची जागतिक स्पर्धा युटा राज्यातल्या ऑग्डेन इथे झाली. शेवटच्या होलवर पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होते. विजय जवळजवळ त्यांचाच होता. त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स कॉनराड टोपलीपासून 247 फूट, म्हणजे सुमारे 75 मीटर दूर होते. तिथून कॉनराड यांनी डिस्क फेकली आणि ती थेट टोपलीत जाऊन पडली. बरोबरी झाली, जादा होल खेळावे लागले आणि कॉनराड जगज्जेते झाले.

त्या फेकीत मॅकबेथ यांचा काय दोष होता? काहीच नाही. ती फेक त्यांची नव्हतीच. तरी हार त्यांच्या नावावर लिहिली गेली. पुढच्या वर्षी, 2022 साली, एम्पोरियाच्या उघड्या माळावर जागतिक स्पर्धा झाली तेव्हा मॅकबेथ पुन्हा बरोबरीनंतरच्या जादा होलवर उभे होते. या वेळी ते जिंकले. ते त्यांचे सहावे जागतिक अजिंक्यपद होते.

या गोष्टीचा शेवट गोड आहे म्हणून ती सांगितली, असे समजू नका. 2022 सालीही शेवट उलटा होऊ शकला असता. प्रतिस्पर्ध्यानेही तितकाच चांगला खेळ केला होता. तसे झाले असते तरी सांगण्यासारखी गोष्ट तीच राहिली असती: आदल्या वर्षी आपला दोष नसताना हातातून गेलेल्या गोष्टीनंतरही ते पुढची फेक करायला उभे राहिले. फळ मिळाले म्हणून ते उभे राहणे मोलाचे ठरत नाही. ते आधीच मोलाचे होते.

जिथे पुढची फेक उरलेली नसते

इथे तुमच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. खेळात पुढची फेक असते. पण आयुष्यात काही वेळा ती नसते. आई गेली. "त्या दिवशी तिच्या छातीत दुखत होते, तेव्हाच दवाखान्यात नेले असते तर?" हा प्रश्न घेऊन जगणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. कदाचित तुम्हीच त्यांच्यातले एक असाल. त्यांच्यासाठी कुठली फेक उरली आहे?

अशा वेळी आधी प्रामाणिकपणे हिशेब मांडावा. त्या दिवशी मला काय माहीत होते? जे माहीत होते त्यावर मी काय निवडले? आणि जे आज ठाऊक आहे, ते तेव्हा ठाऊक असणे शक्य तरी होते का? दुःखात आपण आजचे ज्ञान कालच्या माणसाच्या हाती देतो आणि मग त्याला शिक्षा सुनावतो. डिस्क घरंगळून गेल्यावर उतार किती तीव्र होता ते सगळ्यांनाच दिसते. फेकताना ते तितके स्पष्ट नसते. हिशेब मांडल्यावर आपल्या हाताचा थोडा डगमगलेला भाग सापडला, तर तो मान्य करावा. पण जेवढा आहे तेवढाच. त्यात वाऱ्याचा वाटा मिसळू नये.

आणि मग पुढे पाहावे. आईसाठी आता काही करता येणार नाही, हे खरे आहे. पण आईच्या जाण्याने ज्या जागी आपण येऊन थांबलो, ती जागा आता आपली आहे. तिथून वडील दिसतात, जे आता एकटे जेवतात. भावंडे दिसतात, जी हेच ओझे न बोलता वाहत आहेत. शेजारचे एखादे घर दिसते, जिथे कोणी छातीत दुखत असताना "ॲसिडिटी असेल" म्हणत बसले आहे. त्यांना तुम्ही वेळेवर दवाखान्यात पोहोचवू शकता, कारण उशिराची किंमत तुम्हाला कळली आहे. ही भरपाई नव्हे. गेलेले माणूस याने परत येत नाही. पण जिथे थांबलो तिथूनच केलेली ती फेक असते.

एक छोटा अभ्यास

हा विचार नुसता वाचून उपयोगाचा नाही. म्हणून आठवडाभर एक गोष्ट करून पाहा. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात बिघडलेली एकच घटना आठवा. मोठी नको, छोटीच घ्या: उशिरा पोहोचलेले काम, मुलावर चढलेला आवाज, बिनसलेले बोलणे. एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, यात वारा कोणता होता? दुसरी, माझ्या हातून सुटताना काय डगमगले? तिसरी, उद्या सकाळी इथून पुढची फेक कोणती?

पहिल्या ओळीवर फार वेळ रेंगाळलात तर समजा, स्वतःला सोडवून घेण्याची सवय आहे. दुसऱ्या ओळीवर अडकून पडलात तर समजा, स्वतःला छळण्याची सवय आहे. दोन्ही ओळी खऱ्या लिहा, थोडक्यात लिहा. मग तिसरी ओळ लिहा आणि तो कागद सकाळी दिसेल अशा जागी ठेवून झोपा.